उद्यमनगरातल्या काकांना, एक नग घेऊन आलेल्या बाईकडून

काका, नमस्कार.

तुमचं नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाहीये. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, त्या छोट्या कारखान्यांच्या भागात, ज्यांचं जाणंयेणं आहे त्यातल्या चार जणांना तरी कळेलच कोणाबद्दल लिहितेय, आणि कळलं तर मला आनंदच होईल. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की ओ" म्हणून पावसापाण्याचं विचारता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकते.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी घराखालच्या गॅरेजमध्ये घडीची बाकडी बनवते, वर सागवान आणि खाली एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे पाय. या बाकड्याचा सगळा भार सांध्यातल्या पिनेवर असतो. १२ एमएम ब्राइट बारची, म्हणजे गुळगुळीत गोल सळीची पिन, दोन्ही टोकांना ३ एमएमचं आडवं भोक आणि ती निसटू नये म्हणून त्यात टोकं फाकवायची स्प्लिट पिन. गोल बारला आडवं भोक ज्यांनी पाडलंय त्यांना माहितीये, ड्रिलचं टोक गोलावरून घसरतं, पंच मारला तरी जरा कलतंच, आणि भोक मध्यावरून सरकलं की एका बाजूला पातळ भिंत राहते. त्यावर माणूस बसणार असतो, बऱ्याचदा कोणाची तरी आजी. म्हणून मला जिग हवा होता, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा. खाली व्ही ब्लॉक, ज्याच्या व्ही आकाराच्या खाचेत बार बसतो, वर कडक केलेला बुश, ज्या नळीतून ड्रिल खाली उतरतं, त्यामुळे ड्रिलला इकडेतिकडे जायला जागाच राहत नाही. असा जिग आपल्या मापात दुकानात मिळत नाही, तो बनवूनच घ्यायचा असतो. गॅरेजमधलं बाकी सगळं मी माझ्या हातानं केलंय, वेल्डिंगचं टेबल, पट्टी वाकवायचा बेंडर, कटिंगचे स्टॉप, क्लॅम्पसुद्धा. पण व्ही ग्राइंड करायला सरफेस ग्राइंडर लागतो आणि तो काही घरी नसतो, म्हणून टॉलरन्ससकट, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल तेही लिहून, ड्रॉइंग काढलं आणि बाहेर पडले.

तुमच्याकडे यायच्या आधी काय काय ऐकलं ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. एकानं ड्रॉइंग उघडायच्या आधीच विचारलं किती नग, एक म्हटल्यावर कागद तसाच परत. ते मी समजू शकते, सेटिंगला वेळ जातो, त्यांनाही वीजबिल भरायचं असतं. दुसऱ्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि बोलायला लागला माझ्या भावाशी. भाऊ बँकेत आहे, तो फक्त गाडी घेऊन आला होता, त्याला व्ही ब्लॉक म्हणजे काय हे माहीत नाही, तो बिचारा दर वेळी "तिला विचारा" म्हणतोय आणि समोरचा परत त्याच्याकडेच बघून बोलतोय. आणि तिसऱ्यानं तर पूर्ण पैसे आधी घेतले आणि जो ब्लॉक दिला त्याच्या व्हीचे दोन उतार सारखे नव्हते, म्हणजे ज्यासाठी व्ही करायचा तेच त्यात नव्हतं. डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारा काटा, लावून दाखवलं तर म्हणे "मॅडम, घरगुती कामाला एवढं चालतं." पैसे परत नाहीत ते नाहीतच, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. घरगुती काम म्हणजे काय ओ? पिन तुटली तर पडणारी आजी घरगुतीच पडणार का?

तर काका, तुमच्याकडे आले तेव्हा मी आतून भांडायच्याच तयारीत होते.

तुम्ही ड्रॉइंग दिव्याखाली धरून सगळं वाचलंत, शांतपणे, खालची टीपसुद्धा. मग म्हणालात, "बार आणलाय का?" मी पिशवीतून बार काढला. तुम्ही खिशातून कापड काढून मायक्रोमीटरची, म्हणजे जाडी मोजायच्या हत्याराची, दोन्ही तोंडं पुसलीत, झीरो बघितलात, आणि मला वाटलं आता तुम्ही मोजणार. तुम्ही तो मायक्रोमीटर माझ्या हातात दिलात. "तुम्ही मोजा ताई, मी लिहून घेतो."

काका, तुम्हाला हे लक्षातही नसेल. तुमच्यासाठी ती रोजची गोष्ट असेल, पोरांना शिकवता तशी. पण कुठल्याही दुकानात माझ्या हातात कोणी माप घ्यायचं हत्यार दिलं नव्हतं, आणि तुम्ही तर तुमचा स्वतःचा दिलात, ज्याच्या थिंबलवरचे, फिरवायच्या नळीवरचे, आकडे वापरून वापरून फिकट झालेत, जो तुम्ही कारखान्यातल्या पोरांनाही न विचारता घेऊ देत नाही हे मला नंतर कळलं. मी तीन ठिकाणी मोजलं, ११.९७, ११.९७, ११.९६, आणि तुम्ही ते आकडे मशीनच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेत, परत स्वतः तपासून न बघता. माझ्या आकड्यांवर तुम्ही काम सुरू केलंत. मी गाडीत बसल्यावर रडले, भावाला वाटलं इथेही नाही म्हणाले.

आणि मग जे शिकवलंत ते वेगळंच. बार ११.९६ असो नाहीतर पूर्ण १२, व्हीचे उतार सारखे असले की त्याचा मध्य बुशच्या बरोबर खालीच राहतो, बार जरा वरखाली बसेल पण डावीउजवीकडे सरकणार नाही, हे मी वाचलेलं होतं पण तुम्ही दोन जाडीचे बार ठेवून, डायल लावून दाखवलंत तेव्हा ते बोटांना कळलं. व्हीच्या तळाला भोकाखाली खाच मारायला लावलीत, नाहीतर खालून निघणारी बर, म्हणजे भोकाच्या काठाला राहणारी धारदार कड, बारला उचलते. बुश आणि बारच्या मध्ये थोडी फट ठेवायला सांगितलंत, चिप, म्हणजे लोखंडाचा कीस, बाहेर निघायला, सगळी चिप बुशमधून वर आली तर बुशच खाऊन टाकते म्हणालात.

सगळ्यात भारी ते पायांचं. माझ्या ड्रॉइंगमध्ये जिगला तीन पाय होते, कारण तीन पायांवर वस्तू कधी डुगडुगत नाही. तुम्ही म्हणालात ड्रॉइंग बरोबर आहे, पण चार करूया, तीन पायांचा जिग पायाखाली चिप अडकली तरी मुकाट्यानं बसतो आणि वाकडं भोक पाडून देतो, चार पायांचा लगेच डुगडुगतो, म्हणजे तो तुम्हाला सांगतो की आधी खालचं साफ कर. मी हे कितीतरी लोकांना सांगितलंय त्यानंतर. जो ऐकतो तो एक मिनिट गप्प होतो.

बुश ओएचएनएसचा, म्हणजे तेलात बुडवून कडक होणाऱ्या पोलादाचा केलात, लाल करून तेलात सोडलात आणि टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा जायला परत तापवणं, मात्र मलाच घरी ओव्हनमध्ये करायला लावलंत, २०० डिग्रीला, वाळल्या गवताचा पिवळा रंग येईपर्यंत. तुमच्याकडे गॅस होता, पाच मिनिटांचं काम होतं. पण "तुमचा जिग आहे, शेवटचा हात तुमचा लागू दे" म्हणालात. अशी माणसं आहेत अजून, हे मला खरंच लोकांना सांगायचंय. हातची विद्या झाकून ठेवणारे मी खूप बघितलेत, गिऱ्हाईक मशीनजवळ आलं की अंग आडवं घालून उभे राहणारे, जसं काही बघितल्यानं कामाचा हात चोरीला जातो. आणि तुम्ही मला मशीनशेजारी स्टूल टाकून बसवलंत.

मला वाटतं हा सगळा पट्टाच अशा एका एका नगावर उभा राहिलाय. किर्लोस्करवाडी १९१० ला उभी राहिली ती लोखंडी नांगरासाठी, आणि पहिला नांगर कोणीतरी एकच केला असणार ना. इथल्या शेतात इंजिनं आली, ती बंद पडली की पार्टसाठी मुंबईची वाट कोण बघणार, इथेच पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना करा, इथेच बीड ओता, इथेच लेथवर टर्न करा, शेतकऱ्याचं पाणी थांबता कामा नये. तो पार्टही एकच नग असायचा. तेव्हाच्या मिस्त्रींनी किती नग म्हणून परत पाठवलं असतं तर आज शिरोली आणि गोकुळ शिरगावला एवढ्या फाउंड्री दिसल्या असत्या का, मला तरी वाटत नाही. मोठी ऑर्डर घेणारा चांगला कारागीर असतोच, पण एका नगाला तोच वेळ आणि तीच नजर देणारा माणूस वेगळा असतो, त्याला समोर कोण उभं आहे यानं फरक पडत नाही, बाई आहे का पोरगं आहे का कंपनीचा साहेब आहे.

तुम्ही विचारता ना काम कसं चाललंय, तर ऐका. भोक आता दोन्ही टोकांना मध्यातून आणि एकमेकांना समांतर येतं, जिगमधून काढलेली कुठलीही पिन कुठल्याही बाकड्याला लागते, आधी प्रत्येक पिन तिच्या जागेलाच बसायची, अदलाबदल केली की अडायची. परवा गावातल्या देवळासाठी बाकडी दिली, तिथे पिना आणि पाय वेगवेगळे नेले आणि जागेवर जोडले, एकही घासायला लागली नाही. कामाला आलेली मुलगी आहे, बारावीनंतर आयटीआयला फिटर करतेय, तिला मी जिग दिला तेव्हा आधी मायक्रोमीटर दिला. मोजायला तीच बसते आता, मी लिहून घेते.

आणि काका, पैशांचं. तुम्ही मटेरियलचे तेवढे घेतलेत आणि मशीनचे "पुढच्या वेळी बघू" म्हणालात. पुढची वेळ आलीये. टॅपिंगचं, म्हणजे भोकात आटे पाडायचं फिक्श्चर करायचंय, एम६ आणि एम८, म्हणजे ६ आणि ८ एमएमच्या बोल्टसाठी, टॅप सरळ उतरायला पाहिजे आणि हातानं धरून तो सरळ उतरत नाही. ड्रॉइंग तयार आहे, गणपती झाले की घेऊन येते. या वेळी मशीनच्या तासाचे पैसे आधी पत्र्यावर खडूनं लिहायचे, मगच मशीन चालू करायचं. काकूंना सांगून ठेवलंय, त्या माझ्या बाजूनं आहेत.