जोडी मागू नकोस

नाशिक

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. पेठच्या त्या माणसाला तू दुप्पट पैसे देऊ केलेस, तरी त्याने कडकनाथ कोंबड्यांची जोडी दिली नाही, आणि तू त्याला चिक्कू ठरवून मोकळा झालास. त्याची बाजू जरा सविस्तर लिहितो. वाचूनही राग राहिला तर राहू दे, पण निफाडला खुराडं बांधायला घेतलंच आहेस तर हे सगळं तुला तसंही लागणार आहे.

आधी हिशेब. समज, त्याचे तीन कप्पे आहेत, प्रत्येकात एक नर आणि पाच माद्या. कडकनाथ कोंबडी वर्षाला 80 ते 100 अंडी देते. उबवायला घ्यायची ती मुख्यतः थंडीतली, कोंबडीमागे 25 धर. पंधरा कोंबड्यांची झाली 375. तडकलेली, घाण लागलेली, वेडीवाकडी, फार लहान काढून टाकली की 300 उरतात. शेकडा 65 पिल्लं निघाली तर 195. दोन महिन्यांत त्यातली पंचवीस-तीस जातात. उरलेल्यांत निम्मे कोंबडे, म्हणजे तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) ऐंशीच्या आसपास. त्यातून पंधरा पुढच्या वर्षाच्या पैदाशीला आणि दहा राखीव. तू कुंपणाबाहेरून पाहिलेल्या बाकीच्या पन्नास-साठ तलंगा कोणत्या? ज्यांच्यात त्याला काही ना काही खोट दिसली त्या. ‘एवढे पक्षी आहेत, दोन दिले तर काय बिघडतं’ असं तू लिहितोस, पण त्याच्याकडे जादा असतात ते नेमके पिल्लं काढू नयेत असे पक्षी. ते तो खाण्यासाठी विकतो. चांगला पक्षी द्यायचा तर राखीव दहातूनच द्यावा लागतो.

खोट कशी बघतात तेही सांगतो, तुला उपयोगी पडेल. पक्षी काखेत धरायचा, चोच उघडून जीभ आणि टाळू बघायचा. जीभ गुलाबी असेल तर तिथेच नापास. मग छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करायची, खालची कातडी काळीच हवी. पायाचे तळवे, नखं, शेवटी शेपटीच्या बुडाशी एखादं पांढरं पीस. हे सगळं पक्षी पाच-सहा महिन्यांचा झाल्यावरच खात्रीने सांगता येतं. एक दिवसाच्या पिल्लावरून जातीची हमी देणारा माणूस एक तर नवखा, नाही तर लबाड. (आणि अंडं काळं नसतं रे, फिकट बदामी असतं. रक्तही लालच.)

आता जोडीचं. एक नर आणि दहा माद्या असा कळप घेतलास तरी पुढच्या प्रत्येक पिल्लाचा अर्धा वाटा त्या एकाच नराचा. शास्त्राच्या सूत्राने अशा अकरा पक्ष्यांचा कळप नात्याच्या हिशेबात जेमतेम साडेतीन-पावणेचार पक्ष्यांइतकाच ठरतो आणि दर पिढीला नात्यातली पैदास सुमारे 14 टक्क्यांनी वाढते. पाच नर आणि पंचवीस माद्या असतील तर तीच वाढ 3 टक्क्यांवर येते. नुसती जोडी, तीही बहुधा एकाच वेळी उबवलेली भावंडं, म्हणजे पहिल्याच पिढीला भाऊ-बहिणीचं लग्न. तिसऱ्या वर्षी अंडी रिकामी निघायला लागतात, पिल्लं कवचात मरतात, आणि मग पाळणारा काय करतो? गावातला दुसरा धष्टपुष्ट कोंबडा आणून सोडतो. वाण तिथेच संपतो. नाव मात्र चालू राहतं, ‘पेठचं रक्त आहे’ म्हणून.

कडकनाथमध्ये ही भेसळ पकडायला फार अवघड. काळेपणाचा मुख्य गुण वरचढ आहे, म्हणजे एका बाजूने आला तरी दिसतो. त्याला दाबणारा गुण वेगळा, तो साध्या कोंबड्यांत असतो, आणि कोंबडीकडून फक्त नर पिल्लांना जातो. म्हणून शुद्ध कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या साध्या कोंबडीवर सोडला की मुलगे फिके निघतात, पण मुली कातडीसकट काळ्या. बाजारात त्या शुद्ध म्हणून सहज खपतात. पुढच्या पिढीत करडे पाय, लाल तुरे, पांढरट कातडी असं सगळं वर येतं, आणि शिव्या मूळ पाळणाऱ्याला बसतात. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, मग भाव चढले, आपल्याकडे हमीखरेदीच्या योजना निघाल्या आणि 2019 मध्ये त्यातली मोठी बुडाली. तेव्हा शेतकऱ्यांच्या गळ्यात पडलेले पक्षी कुठे कुठे गेले, कशाकशात मिसळले, ते आता कोण सांगणार? जुना पाळणारा अनोळखी माणसाकडे संशयाने बघतो त्यामागे हेही आहे.

आणि तू लिहिलंस की तुझ्याकडे चार गिरिराज, म्हणजे संकरित जातीचे पक्षीही, मोकळे फिरतात. हे त्याला सांगितलं असशील तर विषय तिथेच मिटला. कोंबडी नराचं बीज पोटात दोन ते तीन आठवडे जपून ठेवते. गिरिराज कोंबडा दुपारी घटकाभर आत घुसला तरी पुढच्या तीन आठवड्यांची अंडी उबवायला बाद. सावध माणूस चार आठवडे थांबतो.

रोगाचं थोडक्यात. मानमोडीला (राणीखेत) लस आहे, देवीला आहे. पांढऱ्या हगवणीचं तसं नाही. बरी झालेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते आणि अंड्यातून रोग पिल्लात सोडते. पैदाशीच्या पक्ष्यांची म्हणून चाचणी करतात: पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर या चाचणीच्या जांभळ्या द्रावणाचा (अँटिजेन) एक थेंब, त्याच्याशेजारी पंखाच्या शिरेतल्या रक्ताचा एक थेंब, दोन्ही काडीने मिसळायचे आणि फरशी हलके डोलवायची. दोन मिनिटांच्या आत दाणे धरले तर ती कोंबडी बाद, एकसारखं राहिलं तर ठीक. एवढं करून जपलेल्या कळपाजवळ बाजारातली खोकी, कागदी ट्रे किंवा दुसऱ्याच्या खुराड्यातून आलेल्या चपला त्याला नको असतात. बाहेर गेलेला पक्षी परत आत घ्यायचा नाही, हा नियमही त्यातलाच. शिवाय प्रवासाच्या ताणाने तुझ्याकडे आल्यावर पक्षी आजारला, तर तू त्यालाच फोन करणार!

तरी एक कबूल करतो. मुद्दाम भाव चढवायला अडवून ठेवणारेही आहेत, फक्त नर विकून मादी कधीच न देणारेही आहेत. आणि कोणालाच न देणं हा तर शुद्ध वेडेपणा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा बाधित पट्ट्यातले पक्षी सरसकट मारावे लागले, आजारी असोत नसोत. धुळे-नंदुरबार आणि सुरतकडची बुसरा ही आपल्या शेजारची जात, तिचा मुलूखही तोच. पन्नास पक्ष्यांचा वाण एकाच आवारात असेल तर एक साथ, एक मुंगूस, एक आग पुरते. म्हणून शहाणा पाळणारा दोन-तीन ठिकाणी वाण ठेवतोच, पण माणूस बघून आणि तिन्ही कप्प्यांतलं थोडं थोडं देऊन.

तर त्याच्याकडे पुन्हा जा, पण जोडी मागू नकोस. आधी गिरिराज विकून टाक, खुराड्याचे तीन कप्पे कर, मधली जाळी बारीक घे. दरवर्षी पहिल्या कप्प्यातले तरुण नर दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात, तलंगा आईच्याच कप्प्यात, असं फिरवणार म्हणून सांग. मग डिसेंबरात प्रत्येक कप्प्यातली बारा-बारा अंडी माग, आठवड्याच्या आतली, पेन्सिलीने कप्प्याचा आकडा घातलेली. आणलेली अंडी लगेच उबवणीच्या मशिनमध्ये टाकू नकोस. पेठहून गाडीत हिंदकळून आली की आतली हवेची पिशवी हलते, म्हणून निमुळतं टोक खाली ठेवून 24 तास स्वस्थ राहू दे. पंख्याच्या मशिनला 37.5 अंश, ओल 50-55 टक्के, अठराव्या दिवसापासून 65-70. गावरान कोंबडी खुडूक (अंड्यांवर बसायला आलेली) असेल तर तिच्याखाली दहा-बाराच ठेव.

छत्तीसातून अठरा-वीस पिल्लं निघाली तरी चांगलं म्हण. निघाल्या दिवशीच बोटांच्या मधल्या पडद्याला कप्प्यानुसार भोक पाड आणि वहीत लिही, नाही तर महिन्याभरात सगळी सारखीच काळी दिसतात. सहा महिन्यांनी ती घेऊन त्याच्याकडे जाऊ नकोस, त्यालाच निफाडला बोलाव, धुतलेल्या चपला आणि बादलीभर औषधी पाणी दाराशी ठेव. निवड त्याला करू दे.

तुझा,
भाऊ