तुझ्याकडे येणाऱ्या पोपटाबद्दल

नाशिक

प्रिय शुभा,

तुझे धाकटे दीर कॅनडाला निघालेत आणि त्यांचा आफ्रिकन ग्रे पोपट तुमच्याकडे येणार, हे ऐकून मला आधी हसूच आलं. घरात मांजर नको म्हणून तू केवढा वाद घातला होतास! असो. घेणारच आहेस तर पूर्ण विचार करून घे. नीट सांभाळला तर हा पक्षी 40-50 वर्षंही जगतो. त्यांचा 9 वर्षांचा आहे म्हणालीस, म्हणजे तुझ्या लेकीचं लग्नकार्य बघेल तो.

आमचा बंड्या आला तोही चांगला मोठा होऊनच. बोरिवलीचे एक काका-काकू होते. काकूंचे गुडघे गेले, काकांना दिसेनासं झालं, दोघं मुलीकडे राहायला निघाले. सुरुवातीला बंड्या इतका गप्प, की ह्यांना वाटलं, काय शहाणा पक्षी मिळाला! कसलं शहाणपण, घाबरला होता तो. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताठ, पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात. खायचा तेही आम्ही खोलीबाहेर गेल्यावर. मग जरा धीर आला तसा गुरगुरायला लागला. हो, ग्रे चक्क गुरगुरतो. मुलं टरकली, मला मात्र बरं वाटलं. नको असलेलं सांगायला तरी लागला.

तेव्हा एकच सांगते, त्याला आपलंसं करायच्या मागे लागू नका. आमच्याकडे त्यानं कोणाला निवडलं माहितीये? सासूबाईंना. आम्ही सगळे ‘बंड्या, बंड्या’ करत पिंजऱ्याला नाक लावून उभे, आणि ह्या जवळच खुर्चीवर त्याच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसलेल्या. ‘पाखरू ते, त्यात काय बघायचं’ म्हणायच्या. समोरून रोखून बघणारे दोन डोळे म्हणजे पक्ष्याच्या लेखी शिकारी, आणि सासूबाईंनी तर त्याच्याकडे बघितलंच नव्हतं! एका दुपारी तो दांडीवरून तिरका तिरका सरकत जाळीपाशी आला आणि मान खाली घालून डोक्याची पिसं फुलवून उभा राहिला. खाजवून मागत होता. सासूबाईंनी मागे न बघताच मेथीचं एक पान जाळीतून आत सरकवलं आणि पुढची काडी निवडायला घेतली. त्यानं पानाचे बारीक बारीक तुकडे करून खाली टाकले, खाल्लं काहीच नाही; पण त्यानंतर त्या येऊन बसल्या की हा त्याच कोपऱ्यात येऊन बसायचा.

तुझ्या घरात असा कोण निघेल ते आत्ता सांगता येणार नाही. ज्याला निवडेल त्याचा बाकीच्यांनी हेवा करायचा नाही, हे मात्र आधीच ठरवून टाका. आमच्या ह्यांना ते अजून जमलेलं नाही. अमेरिकेतल्या संशोधक आयरीन पेपरबर्ग बाईंचा अ‍ॅलेक्स नावाचा ग्रे रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा, हे कुठेतरी वाचल्यापासून हे बंड्यासमोर डब्यांची रंगीत झाकणं घेऊन बसतात. बंड्या झाकण घेतो आणि खाली फेकतो. पुन्हा उचलायला हे आहेतच.

दीर जायच्या आधी त्यांच्या घरी दोन-तीनदा जाऊन नुसती बसून ये. कधी उठतो, रात्री पिंजऱ्यावर काय घालतात, कुठल्या आवाजाला दचकतो, सगळं विचारून घे. पिंजरा, दांड्या, वाट्या, जुनं तेच आण, कितीही कळकट दिसलं तरी. आमच्याकडे कोणी आत आलं की बंड्या बाईच्या आवाजात म्हणायचा, ‘कृपया दरवाजा बंद करें’. मुलं दार लावून लावून थकली. काकांना फोन केला तेव्हा कळलं, त्यांच्या इमारतीतली जुनी जाळीची लिफ्ट!

चावणार, हे धरूनच चाल. पण न सांगता सहसा चावत नाही. डोळ्याची बाहुली लहान-मोठी व्हायला लागली, मानेवरची पिसं उभी राहिली, की हात मागे घे. चावलाच तर ओरडू नकोस, हात झटकू नकोस. आरडाओरडा त्याला आवडतो. हातावर यायला शिकवायचं ते लाच देऊनच. बंड्याचा भाव डाळिंबाच्या एका दाण्याचा. आणि मुलांना सांग, हात फक्त डोक्याला, मानेला लावायचा. पाठीवर, पंखाखाली कुरवाळलं की तो जोडीदार समजायला लागतो आणि मग भलतेच प्रश्न उभे राहतात.

स्वयंपाकघराचं मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नकोस. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत जातो. मी सगळी नॉनस्टिक भांडी काढून टाकली, आता बिडाचा तवा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल त्याच्या खोलीत नको. तो बाहेर असताना पंखा बंद म्हणजे बंद. बटणावर चिकटपट्टी लाव. रात्री 10-12 तास अंधार आणि शांतता लागते, म्हणजे टीव्हीच्या खोलीत पिंजरा ठेवता येणार नाही. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला असू दे.

खाणं लगेच बदलू नकोस. दीर नुसतं सूर्यफुलाचं बी घालत असतील, बहुतेक लोक तेच घालतात, तर आधी तेच चालू ठेव आणि मग शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, मोड आलेले मूग हळूहळू वाढव. मिरची खुशाल दे, पक्ष्यांना ती झोंबत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण कधीही नाही. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आजार हे पक्षी शेवटपर्यंत लपवतात, पण ग्रॅम लपत नाहीत. आल्याबरोबर पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखव. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना पक्षी कळतो असं नाही. छातीवरची पिसं उपटलेली आहेत म्हणालीस, तेही तपासून घे. बंड्याची थोडी आली, थोडी आलीच नाहीत. आम्ही आता तिकडे बघतही नाही.

राहता राहिले कागद. आपला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, लोक गॅलरीत टांगोत बापडे. ग्रे परदेशी म्हणून ठेवता येतो, पण 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. दिरांना म्हणावं, विमानात बसायच्या आत हे उरका. नाहीतर तू इथून ओटीपी मागत बसशील आणि तिकडे रात्रीचे तीन वाजलेले असतील.

तुझी,
मंजू