सेगीनला गद्दार म्हणू नकोस

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. टेक्सासमधल्या अलामो गढीचा वेढा छान उतरलाय, पण हुआन सेगीनला एका ओळीत 'गद्दार' म्हणून तू मोकळा झालास, ते मला फार लागलं. तो 1842 मध्ये मेक्सिकन फौजेसोबत टेक्सासातल्या सॅन अँटोनिओवर चालून आला हे खरंच आहे. पण त्याआधी काय काय घडलं, तेही बघ ना.

सेगीनचा जन्म 1806 चा, सॅन अँटोनिओतलाच. त्याच्यासारख्या तेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मूळच्या मेक्सिकन, लोकांची घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. टेक्सास तेव्हा मेक्सिकोतच होतं. मेक्सिकोचा सत्ताधीश सांता अ‍ॅना याने 1824 ची संघराज्याची घटना गुंडाळून सगळी सत्ता राजधानीत ओढली, तेव्हा सेगीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. 1836 च्या वेढ्यात तो अलामोच्या आत होता. मदत मागायला त्याला बाहेर धाडलं, म्हणून तो वाचला. आत राहिलेला ग्रेगोरिओ एस्पार्सा लढताना पडला. त्याचा सख्खा भाऊ सांता अ‍ॅनाच्या बाजूला होता, त्याने परवानगी मागून ग्रेगोरिओला पुरलं. बाकीच्यांची प्रेतं जाळली गेली. एकाच घरातले दोघे दोन बाजूंना, यावर तू लेखात एक परिच्छेद तरी दे.

पुढे टेक्सासने सांता अ‍ॅनाला हरवलं त्या सॅन हासिंतोच्या लढाईत सेगीनच्या तुकडीने टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. का, तर आपल्याच सैन्याने शत्रू समजून गोळी घालू नये! मला तर पुढची सगळी गोष्ट त्या पुठ्ठ्यातच दिसते. 1837 मध्ये अलामोतल्या वीरांची राख लष्करी मानाने पुरली, ती यानेच. मग टेक्सास प्रजासत्ताकाच्या सिनेटमध्ये बसला, आणि कायदे स्पॅनिशमध्येही छापले जावेत म्हणून भांडला.

नंतर सॅन अँटोनिओचा महापौर झाला. पण तोवर अमेरिकेतून नव्या लोकांचे लोंढे आले होते, आणि त्यांच्या लेखी प्रत्येक तेहानो संशयित होता. मार्च 1842 मध्ये मेक्सिकन फौज शहरात येऊन गेली, आणि सेगीन त्यांना सामील असल्याची आवई उठली. जिवावर बेतलं तेव्हा राजीनामा देऊन तो मेक्सिकोत गेला. तिथे त्याला धरलं. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे, तुरुंग किंवा फौज एवढेच पर्याय त्याच्यापुढे ठेवले होते. बायकामुलं बरोबर होती, नंदू. सप्टेंबरात तो मेक्सिकन जनरल वोलच्या फौजेतून परतला, तो असा. 1858 मध्ये छापलेल्या आठवणींत त्याने लिहिलंय की आपल्याच जन्मभूमीत मी परका झालो.

होसे अँतोनिओ नवारोलाही लेखात जागा दे. टेक्सासच्या 1836 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत टेक्सासातच जन्मलेले दोघेच, तो आणि त्याचा मामा फ्रान्सिस्को रुईस. मेक्सिकोच्या ताब्यातल्या सांता फेवर टेक्सासने 1841 मध्ये काढलेल्या मोहिमेत नवारो पकडला गेला, मेक्सिकोच्या कैदेत वर्षं काढली, पण टेक्सासची बाजू सोडून फिरला नाही. सुटून आल्यावर टेक्सास अमेरिकेत सामील होताना भरलेल्या 1845 च्या घटना परिषदेत तेहानोंमधला तो एकटाच प्रतिनिधी होता. मताधिकार फक्त गोऱ्यांपुरता ठेवायचा घाट तिथे घातला गेला, त्याला त्याने विरोध केला. या माणसाविषयी आपल्याकडे कोणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी वाचनात नाहीत.

सेगीन 1890 मध्ये नुएवो लारेदोला वारला. त्याचे अवशेष टेक्सासमध्ये आणून 1976 मध्ये त्याच्याच नावाच्या गावात पुरले. टेक्सासलाही त्याला परत आपला म्हणायला इतका वेळ लागला. तू मात्र लेख छापायला देण्याआधी ती ओळ बदल, आणि नवा मसुदा मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर