पार्टिशनमधल्या इलेक्ट्रिक फायरप्लेसचं धोकादायक काम आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फायरप्लेस बसवण्याच्या सदोष कामाबाबत तक्रार

महोदय,

राजारामपुरीतल्या तुमच्या शोरूममधून आम्ही ५० इंची इलेक्ट्रिक फायरप्लेस घेतली. कोल्हापुरात शेकोटी कशाला, हे निम्म्या पै-पाहुण्यांनी विचारून झालंय, तेव्हा तुम्ही पुन्हा विचारू नका. सूनबाईंना हॉलमध्ये ती ज्योत हवी होती आणि पावसाळ्यातली ओल आमच्या आईला सोसत नाही. वस्तू चांगली आहे. तक्रार आहे ती तुमच्या माणसांनी भिंतीच्या आत जे करून ठेवलं त्याची.

ते दोघं आले त्या दिवशी मी गडहिंग्लजला लग्नाला गेलो होतो. परत येईतो पार्टिशनला जिप्सम बोर्ड लावून, पुट्टी मारून, ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सूनबाईंची सही घेऊन मंडळी गेलीसुद्धा. झाकलेल्या भिंतीकडं बघून कुणीही सही करेल.

तिसऱ्या रात्री वास आला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मेंटेनन्सला मी २८ वर्षं काढलीत, तापलेल्या वायरचा वास मला झोपेतही कळतो. आख्ख्या घराचा मेन बंद करावा लागला, कारण फायरप्लेसचा प्लग आणि स्विच दोन्ही भिंतीआड! सकाळी मी जिप्सम बोर्ड चौकोनात कापून काढला. फोटो सोबत जोडलेत, तरी जे दिसलं ते लिहितो.

हीटर २००० वॅटचा. २३० व्होल्टला त्याला ८.७ अँपिअर लागतात. ही लाइन टीव्हीसाठी असलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवरून ओढलेली, तीही १ चौरस मिमीच्या वायरनं. मध्येच वायर कमी पडली म्हणून दुसरी जोडलेली. जोड म्हणजे काय, तर दोन टोकांना पीळ देऊन वर काळी टेप. ना कनेक्टर, ना जंक्शन बॉक्स. टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता आणि आतलं तांबं काळं पडलं होतं.

यावर तुमच्या माणसाचं फोनवर उत्तर : “काका, एमसीबी पडला न्हाई न्हवं? मग काय हुत न्हाई.” एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडणारच नव्हता. तो १६ अँपिअरचा आहे आणि त्यातून पावणेनऊच जात होते. एमसीबीला करंट कळतो, ढिला जोड कळत नाही. त्या जोडाचा रोध अर्धा ओहम धरला तरी ८.७ अँपिअरला तिथं ३८ वॅट उष्णता होते. डाग द्यायचं साधं सोल्डरिंग २५ वॅटचं असतं. म्हणजे माझ्या भिंतीत तुम्ही एक तापलेलं सोल्डरिंग ठेवून गेलात.

आणि ते ठेवलं कशात, तर थर्माकोलमध्ये. पलीकडच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून म्हणे पोकळीत थर्माकोल कोंबला होता. जिप्सम बोर्ड स्वतः पेटत नाही, पण त्यामागं असलं काही भरलं तर त्याचा काय उपयोग? शिवाय पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकून राहिली की तिच्यातला मऊपणा निघून जातो आणि ती कडक होऊन तडकते. हे कोणताही जुना वायरमन सांगेल.

फायरप्लेसला जागा करायला मधला जीआय स्टड, म्हणजे पार्टिशनच्या सांगाड्यातला पत्र्याचा उभा खांब, ग्राइंडरनं कापलाय. कापायला हरकत नाही, पण मग वर-खाली आडवा चॅनेल टाकून तो भार शेजारच्या दोन स्टडवर द्यायचा असतो. इथं कापलेला तुकडा नुसता लोंबतोय आणि आख्खी फायरप्लेस बोर्डात मारलेल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांवर उभी आहे. त्या तुकड्याच्या धारेवरूनच वायर गेलीय, पाइप नाही, काही नाही. वायरचं कातडं एका जागी सोललंय. अर्थिंगची हिरवी वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. म्हणजे ती धार तांब्यापर्यंत पोचली असती तर पार्टिशनचा सगळा सांगाडाच करंटला लागला असता. माझा नातू त्याच भिंतीला पाठ टेकून अभ्यासाला बसतो.

तुमच्याच माहितीपुस्तिकेत स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि यंत्राभोवती मोकळी जागा या तिन्ही गोष्टी चित्रासकट दिल्यात. त्या दोघांनी ती उघडलीच नसावी, पिशवीचं सील तसंच होतं.

आता कस्टमर केअर म्हणतं, ग्राहकानं स्वतः भिंत उघडली म्हणून वॉरंटी रद्द. वास आल्यावर काय करायला हवं होतं? अग्निशमन दलाची वाट बघत बसायचं?

मला पुढील गोष्टी लेखी मान्य करून हव्यात. मेन बोर्डापासून ४ चौरस मिमीची स्वतंत्र लाइन, मध्ये एकही जोड नको, त्यावर वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). स्विच बाहेर, हाताला येईल असा. थर्माकोल पूर्ण काढायचा, चौकट नीट बांधायची, अर्थिंग जोडायचं. बसवण्याचे घेतलेले पैसे परत आणि वॉरंटी पूर्ववत. परवानाधारक वायरमन पाठवा, त्याच्या सहीचा तपासणीचा कागद मला द्या.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो तिथंच दावा लावता येतो, त्यामुळं मुंबईला खेपा घालायला लागतील या भरवशावर राहू नका.

भिंत उघडीच ठेवली आहे, वायरही हलवलेली नाही. फोन करून या, मी घरी असतो. काम झाल्यावर मी बघितल्याशिवाय बोर्ड लावायचा नाही, आणि सही त्यानंतर, माझी.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक
ताराबाई पार्क, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, भिंतीचे नऊ फोटो, जळालेल्या जोडाचा फोटो