अनंताला पत्र: दिलीपची रायफल आणि तुझ्या आजोबांची

मुलुंड, मुंबई
१४ जुलै

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद तसाच ठेवून दिला, कारण चार ओळींत उरकण्यासारखं हे प्रकरण नाही. आज पहाटेपासून पाऊस कोसळतोय, कुर्ल्याला रुळांवर पाणी आहे, गाड्या बंद. आज पुरं करतो.

तू विचारलंस, आजोबांच्या रायफलीला नवा दस्ता बसवून, लख्ख पॉलिश करून ती दिवाणखान्यात लावू, की विकून मोकळा होऊ? अनंता, यातलं काहीच करू नकोस. का ते सांगायला मला दिलीपच्या रायफलीपासून सुरुवात करावी लागेल.

मे महिन्यात मी न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला दिलीपकडे जाऊन आलो हे तुला माहीत आहे. त्याने स्वतःसाठी बनवून घेतलेली रायफल घेऊन आम्ही पाच दिवस डोंगरात होतो. ही रायफल त्याच्या डोक्यात कधी शिरली ठाऊक आहे? आपण सातवीत होतो, तो तिसरीत. तुझे आजोबा ओसरीवर रायफल पुसायला काढायचे, आणि दिलीप खांबाला टेकून तासन्‌तास बघत बसायचा. रायफलीला हात लावायची परवानगी नव्हती. आजोबा त्याच्या हातात फक्त बोल्ट द्यायचे, म्हणजे मागे ओढून काडतूस आत सारायचा तो दांडा. तो थंडगार, तेलकट, वजनदार तुकडा त्याने पन्नास वर्षं मनात जपला. पैसे साठले, परवाना मिळाला, तेव्हा त्याने तिथल्या कारागिराला सांगितलं की ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो ती मधली यंत्रणा, जुन्या जर्मन माउझर ९८ रायफलीची हवी, काडतूस ७×५७ हवं आणि दस्ता अक्रोडाचा हवा. तुझ्या आजोबांच्या नळीवर .२७५ असं कोरलंय ना, ते हेच काडतूस. जर्मनांनी १८९२ साली काढलं, लंडनच्या बंदूकवाल्यांनी त्याला आपल्या इंचांतलं नाव दिलं. चंपावतची वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटना १९०७ साली जी रायफल भेट मिळाली ती .२७५ चीच, आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्याही त्यांनी .२७५ नेच मारला. नऊ ग्रॅमची गोळी, धक्का बेताचा, आणि दिवसभर डोंगर चढायचा तर खांदा दुखू नये इतकी हलकी रायफल.

बनवून घेतलेली रायफल म्हणजे नक्षी आणि चांदीची पट्टी, असं मलाही वाटायचं. हातात घेतली तेव्हा कळलं की तसं नाही. दिलीपची उंची तुला माहीत आहे, साडेपाच फुटांच्या आत. दुकानातली रायफल त्याला कायम लांब पडायची. जाड जाकीट घातलं की दस्ता बगलेत अडकायचा. कारागिराने त्याला जाकीट घालूनच उभं केलं आणि चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत तेरा इंच माप धरलं. गालाची उंची अशी ठेवली की डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे, तर स्कोपमध्ये, म्हणजे वरच्या नेम धरायच्या दुर्बिणीत, पूर्ण गोल चित्र समोर हजर. मी तसंच करून पाहिलं. मला अर्धं चित्र दिसलं आणि अर्धी काळी सावली. ती रायफल माझी नव्हतीच. शिंप्याकडे शिवलेला सदरा दुसऱ्याच्या अंगावर जसा दिसतो, तशी ती माझ्या खांद्यावर होती.

आता शिकारीचं सांगतो, कारण तुझ्या मनात तेच पहिलं येणार. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि आजोबांनी रायफल कायमची खुंटीला टांगली. ते योग्यच झालं असं मी आजही मानतो. न्यूझीलंडची गोष्ट मुळातच वेगळी आहे. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं, डुकरं, बकऱ्या, सगळी माणसांनी नेऊन सोडलेली. आपल्या हिमालयातला थार, म्हणजे कड्यांवरची आयाळवाली रानबकरी, तो सुद्धा १९०४ साली इंग्लंडच्या एका ड्यूकने भेट म्हणून पाठवला आणि माउंट कुकजवळ सोडला गेला. खायला गवत आणि झुडपं भरपूर, मागे बिबट्या नाही, म्हणून तो बेसुमार वाढला आणि तिथली डोंगरमाथ्यावरची झाडं ओरबाडून काढू लागला. १९९३ च्या सरकारी आराखड्यात थारांची संख्या दहा हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं आहे. तोच प्राणी आपल्याकडे केदारनाथच्या कड्यांवर पूर्ण संरक्षित, आणि तिथे सरकारच तो कमी करा म्हणतं. पहिल्या दिवशी दुर्बिणीतून आयाळ फुलवलेला एक नर पाहिला तेव्हा माझ्या मनात हेच होतं, आणि पाचही दिवस ते गेलं नाही.

हेलिकॉप्टरने आम्हाला पश्चिम उतारावरच्या एका खोऱ्यात सोडलं. आपण आंबोलीचा पाऊस पाहिलेली माणसं, पण तिकडच्या काही खोऱ्यांत वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पोचल्या पोचल्या दिलीपने शंभर मीटरवर कागद लावून दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही हव्या तिथे बसल्या. त्यानंतर दीड दिवस नुसता पाऊस. रायफल पुसून, तेल लावून तंबूतच ठेवलेली, पण तंबूतली हवासुद्धा ओलीच. तिसऱ्या दिवशी उघडलं. मी तर निघायला बूट घालून बसलो होतो. दिलीप म्हणाला, आधी एक गोळी कागदावर. ती गोळी वीतभर उजवीकडे गेली. दुसरी तिच्या शेजारीच.

त्याचं तोंड उतरलं. त्याने स्कोपचे स्क्रू तपासले, ते घट्ट होते. मग माझ्यातला फिटर जागा झाला. पाकिटातून दहाची नोट काढली आणि नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत घालून मागे सरकवू लागलो. ही नोट पार ॲक्शनपर्यंत मोकळी जायला हवी, कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि लाकडाने तिला कुठेही टेकू दिला की ती तिकडून ढकलली जाते. नोट दोन बोटं आत गेली आणि डाव्या बाजूला अडकली. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि नळीला डावीकडून रेटत होतं, म्हणून गोळ्या उजवीकडे.

दस्ता काढून बघितला तेव्हा खरी चूक सापडली. बाहेरून त्या अक्रोडाला तेलाचे किती हात दिले होते कोण जाणे, आरशासारखा चमकत होता. आत, जिथे नळी बसते ती खोबण कोरडी, कच्ची, बिनतेलाची. दिसत नाही ना, मग कशाला. अनंता, मी अडतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. बाहेरून चकचकीत आणि आतून तसंच सोडून दिलेलं काम पाहिलं की मला आजही राग येतो. एवढे पैसे, दीड वर्ष वाट बघणं, आणि जे पहिल्या पावसात उघडं पडणार तेच राहून गेलेलं.

मग तिथेच दुरुस्ती केली. मेणबत्ती पेटवून नळीची खालची बाजू तिच्यावर धरली, काजळी धरेपर्यंत. नळी दस्त्यात बसवली, पुढचा-मागचा दोन्ही स्क्रू आवळले, परत काढली. लाकडावर जिथे काळा डाग उमटला तिथे नळी टेकत होती. आम्ही कारखान्यात निळा रंग लावून साचे असेच जुळवतो. चाकूच्या पात्याने तो डाग खरवडला. तासला नाही, पातं उभं धरून खरवडला, म्हणजे लाकडाचा पिठासारखा भुगा निघतो आणि खोबणीची धार बिघडत नाही. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा खरवडणं. सात वेळा केलं. आठव्या वेळी नोट दुहेरी घडी करून घातली तरी सरळ मागपर्यंत गेली. मग दिलीपचं बुटांना लावायचं मेण स्टोव्हवर पातळ केलं आणि खोबणीत बोटाने चोळून जिरवलं. दोन तास गेले, हात गारठून बधिर झाले होते. त्यानंतरच्या तीन गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. दिलीप काहीच बोलला नाही. त्याने रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, एक तू झाड. तिथल्या कायद्याने परवानाधारक शेजारी उभा असेल तर चालतं. एनसीसीनंतर पहिल्यांदाच मी चाप ओढला.

प्रत्यक्ष शिकारीबद्दल थोडंच लिहितो. चौथ्या दिवशी पहिला नर चारशे मीटरवर दिसला. दिलीपने रायफल खांद्यावरून काढलीच नाही. एवढ्या लांबचा सराव नाही, म्हणाला, जखमी होऊन कुठल्यातरी कपारीत मरायला नको. दुसरा जवळ होता, पण कड्याच्या अगदी काठावर. पडला असता तर पाचशे फूट खाली गेला असता आणि हाती काही लागलं नसतं. तोही सोडला. पाचव्या दिवशी, उतरत्या उन्हात, एकशे नव्वद मीटरवर तिसरा. दिलीपने पाठपिशवीवर रायफल टेकवली, श्वास सोडला, आणि एकाच गोळीत ते संपलं. आम्ही वर पोचलो तेव्हा वाऱ्याने त्याची आयाळ हलत होती. दिलीपने टोपी काढली. अंधार पडेपर्यंत मांस सोडवत होतो, जेवढं दोघांना वाहून नेता आलं तेवढं तळाला आणलं. घरी वहिनीने मालवणी मसाल्यात केलं, दोन दिवस पुरलं.

उतरताना एका खडकाला घासून दस्त्यावर बोटभर चरा पडला. कारागिराकडे नेऊन मिटवून घेऊ का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. रायफल कारागिराच्या दुकानातून आली ती अर्धीच तयार होती. उरलेली आत्ता झाली, आणि तो चरा त्याचाच भाग आहे.

आता तुझ्या आजोबांच्या रायफलीकडे येतो.

तिचा दस्ता त्यांच्या मापाचा आहे. ते सहा फूट, तूही तेवढाच. कापायची, बदलायची काही गरज नाही. डोळे मिटून खांद्याला लाव, उघड, आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत आपोआप बसते का बघ. माझी खात्री आहे बसेल. दस्त्यावरचे डाग, तो दाताने चावल्यासारखा खड्डा, सगळं तसंच ठेव. वॉर्निश तर मुळीच नको. कोकणच्या हवेत ते पापुद्र्यासारखं सुटतं आणि पाणी आत अडकवून ठेवतं. जवसाचं तेल घे, दोन थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळ. आतल्या खोबणीलाही, विसरू नकोस.

नळीची मला जास्त काळजी वाटते. निवडणुकीत जमा केलेली रायफल परत मिळाली तेव्हा तोंडाशी तांबूस झाली होती असं तू लिहिलंस. दोन महिने ओलसर खोलीत भिंतीला टेकवून ठेवली, साधं फडकं मारायचं कुणाला सुचलं नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं. पण दोष सगळा त्या खोलीचा नसावा. आजोबांच्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या कॅपमध्ये, असा मसाला असायचा की बार झाल्यावर नळीत क्षार उरायचा. तो क्षार मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो, आणि तेलाने जात नाही, तो पाण्यातच विरघळतो. म्हणून आजोबा रायफल पुसण्याआधी किटलीभर उकळतं पाणी नळीतून ओतायचे. आठवतं? आपल्याला तेव्हा ते विचित्र वाटायचं. नंतर कोरडं फडकं, मग तेल. पेटीतली ती जुनी काडतुसं मात्र झाडू नकोस. पन्नास वर्षांच्या दारूवर भरवसा ठेवायचा नाही. नळी आतून किती खाल्ली गेली आहे ते परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून बघून घे, आणि रायफल त्याच्याकडे स्वतः ने, कुणाच्या हाती पाठवू नकोस.

डुकरांनी यंदाही भात लोळवलं, त्यावर तू लिहिलेलं वाचलं. वनखात्याची लेखी परवानगी हातात येईपर्यंत ही रायफल मळ्यात न्यायची नाही, कितीही नुकसान होवो. आली, तर आधी कागदावर गोळी आणि मग मळा, आणि ती गोळीही रायफलीने पावसाळी हवेत दोन दिवस काढल्यावरच. ते काम मी आल्याशिवाय करू नकोस.

गणपतीला चतुर्थीच्या दोन दिवस आधी येतोय, तिकीट काढलं आहे. दिलीपही यायचं म्हणतोय, या वेळी खरंच जमेल असं दिसतं. त्याच्या हातात आधी नुसता बोल्ट दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश

ता. क. नोट घालून बघशील तेव्हा जुनी, मऊ पडलेली घे. कोरी नोट कडक असते, ती फटीतल्या छोट्या उंचवट्यावरून नुसती घसरून जाते.