रेडिओवाल्या काकांना, अप्पांचा ॲम्प परत वाजता केल्याबद्दल

काका, नमस्कार.

समोरासमोर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बस बस, चहा सांग" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. अजून कुणाच्या घरात जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, माळ्यावर पडला असेल आणि मी करणार होतो तेच तो करायला निघाला असेल, तर त्यानेही हे वाचावं.

आमच्या अप्पांचा ॲम्प तुम्हाला माहितीच आहे, स्पीकर वाजवणारे दोन ईएल 84, त्यांच्या आधीच्या स्टेजचे दोन ईसीसी 83 आणि एसीचा डीसी करणारा एक रेक्टिफायर ईझेड 81, असे पाच व्हॉल्व्ह. अप्पा मागावरून आले की अंघोळ करून आधी तो चालू करायचे, व्हॉल्व्ह गरम होईपर्यंत चहा, मग रेकॉर्ड. ते गेल्यावर चौदा वर्षं तो बंदच होता. मागच्या उन्हाळ्यात मी लावला तर आधी नुसता घुंईऽऽ आवाज, आणि पाच मिनिटांत एका ईएल 84 ची प्लेट लालबुंद. गावातल्या एका दुकानात नेला तर त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं की दोन्ही व्हॉल्व्ह गेलेत, नवीन जोडी घाला, ट्रान्सफॉर्मरचीही गॅरंटी नाही. आकडा ऐकून मी गप्प घरी आलो. आई म्हणाली राहू दे आता. मी खरंच नाद सोडला होता.

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही पहिलं काम काय केलं तर ॲम्प थेट लाइनला लावलाच नाही. कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब काढला (आता मिळतो कुठं तो, एलईडी इथं कामाचा नाही), सिरीज बोर्डला लावला आणि त्यातून सप्लाय दिला, म्हणजे आत शॉर्ट असला तरी करंट बल्बच अडवतो. मग ज्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होत होती तो सॉकेटमधून काढलात आणि सॉकेटच्या 2 नंबरच्या पिनवर, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट कमी-जास्त करणाऱ्या ग्रिडच्या पिनवर, मीटर धरलात. तिथं शून्य पाहिजे. मीटर 7 व्होल्ट दाखवत होता. तुम्ही म्हणालात, "व्हॉल्व्ह माझ्या हातात आहे, तरी ग्रिडवर व्होल्टेज आहे, मग दोष व्हॉल्व्हचा कसा?" काका, ते वाक्य मी विसरणार नाही. आधीच्या स्टेजचा डीसी अडवायचा जो मेणकागदाचा कंडेन्सर होता तोच लीक होत होता, त्यामुळे ग्रिड पॉझिटिव्ह होऊन व्हॉल्व्ह जास्त करंट ओढत होता आणि तापत होता. नवीन जोडी घातली असती तर तीही तशीच लाल झाली असती. एका कंडेन्सरपायी हजारोंचे व्हॉल्व्ह बळी गेले असते!

त्यानंतर मी मोठ्या उत्साहाने ऑनलाइन मागवलेले फिल्टरचे, म्हणजे सप्लायचा डीसी सपाट करणारे, कंडेन्सर दाखवले, 220 मायक्रो (मायक्रोफॅरड) 450 व्होल्ट, स्वस्तात मिळाले होते, आणि मला वाटायचं जितका मोठा तितका घुंई कमी. तुम्ही आधी शांतपणे सांगितलं की ईझेड 81 च्या पुढं पहिला कंडेन्सर 50 मायक्रोच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण मोठा कंडेन्सर भरताना झटक्यात जो करंट ओढतो तो त्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला झेपत नाही, आत ठिणगी पडते. मग एक हातात घेऊन तोललात, म्हणालात "हलका आहे रे", आणि हॅकसॉ ब्लेडने ॲल्युमिनियमचा डबा गोल कापलात. आत करंगळीएवढा दुसराच कंडेन्सर, पायांना तारा जोडून वाढवलेला, त्याच्यावर छापलेलं 47 मायक्रो 200 व्होल्ट. आमच्या ॲम्पमध्ये तिथं 310 व्होल्ट येतात. तो मी लावला असता तर काय झालं असतं हा विचार करून आजही पोटात गोळा येतो.

तुम्हीच चिठ्ठी लिहून दिलीत. सकाळच्या हुतात्माने पुण्याला गेलो, तपकीर गल्लीत तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने विचारत फिरलो आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत. फिल्टरला 47 मायक्रो, 450 व्होल्ट, 105 डिग्रीवालाच, निचिकॉन किंवा रुबिकॉन, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच, नाही मिळाला तर केरळच्या केलट्रॉनचा. ॲम्पमधल्या मूळ फिल्टर कंडेन्सरच्या डब्यावर 350 व्होल्ट लिहिलंय मग 450 कशाला असं मी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात की आपल्या भागात रात्री माग बंद झाले की लाइन 250 ला जाते, त्या हिशोबाने आतलं व्होल्टेजही चढतं आणि व्हॉल्व्ह काढून टेस्टिंग केलं तर अजूनच. आणि 105 डिग्रीचं गणित तर तुम्ही पाटीवर लिहावं तसं समजावलंत, डब्यावर 2000 तास म्हणजे 105 डिग्रीला 2000, दर 10 डिग्री कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट, म्हणजे चॅसिसच्या आत 65 डिग्री असेल तर 32,000 तास. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच 43 असतं, तिथं 85 डिग्रीवाला घेऊन दहा-वीस रुपये वाचवण्यात काय अर्थ.

कपलिंगसाठी, म्हणजे त्या लीक होणाऱ्या मेणकागदाच्या कंडेन्सरच्या जागी, मी ते हजार हजार रुपयांचे तेलातले कंडेन्सर बघून ठेवले होते. तुम्ही 0.1 मायक्रो 630 व्होल्टचे साधे पॉलीप्रॉपिलीन सांगितले, वर 104J लिहिलेले, एक तर चहाच्या कटिंगपेक्षा थोडाच महाग. "ग्रिडवर शून्य ठेवतो का एवढं बघ, बाकी पैसे रेकॉर्डला ठेव." बसवून झाल्यावर तुम्ही परत मीटर धरलात आणि 0.00 आलं तेव्हा मीच तुमच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडलो.

जुन्या स्टॉकमधले त्याच कंपनीचे न वापरलेले इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे फिल्टरला लागतात त्या जातीचे कंडेन्सर, एकजण देत होता, तेही तुम्ही घेऊ दिले नाहीत. व्हॉल्व्ह जुना चालतो, इलेक्ट्रोलिटिक जुना चालत नाही, वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्यामुळे आतल्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर खराब होतो आणि तो न वापरताच म्हातारा होतो. आणि मायका, सिरॅमिकचे जे ठीक होते त्यांना हात लावू दिला नाही. एक बदलायचा, चालू करून बघायचं, मग दुसरा. दरवेळी आधी प्लग काढून 10 के (10,000 ओहम) 5 वॉटच्या रेझिस्टरने फिल्टर डिस्चार्ज, मग मीटरने खात्री, मगच आत हात. तुम्ही सोल्डर स्वतः केलं असतं तर तासाभरात झालं असतं, पण तुम्ही चार रविवार माझ्याच हातात सोल्डरिंग आयर्न ठेवलंत. अप्पांच्या ॲम्पचा मूळ कंडेन्सरचा डबा वर तसाच आहे, नुसत्या तारा सोडवलेला, नवे कंडेन्सर खाली टॅगस्ट्रिपवर (तारा जोडायच्या पट्टीवर), बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटतच नाही.

नऊ कंडेन्सरचं बिल सगळं मिळून 640 रुपये. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, आईने दिलेली शेंगा चटणीची बरणी तेवढी घेतलीत.

त्या रात्री आम्ही रेकॉर्ड लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून येऊन दारातच उभी राहिली. काही बोलली नाही. मग आत जाऊन चहा टाकला, दोन कप केले, एक माझा एक तिचा, आणि रेकॉर्ड संपेपर्यंत बसली. चौदा वर्षांनी बघितलं ते काका.

कापलेला तो कंडेन्सर टेबलावर ठेवलाय, कुणी आलं की दाखवतो. आणि तुमचा सोल्डर सकर माझ्याकडेच राहिलाय, रविवारी घेऊन येतो, आई कडक भाकरी पण देणार आहे, घरीच थांबा.