शिवरात्रीला पेरा, आखाजीला फुलं तोडा

संपादकसाहेब, नमस्कार.

मी भुसावळची. तुमचा पेपर आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून येतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, आणि तेही रस्ते पाणी राजकारण यावर नाही तर फुलांच्या बियांवर लिहितेय, तेव्हा हसू नका आणि जमलं तर छापा.

झालं असं की गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी फुलझाडांवर एक लेख आला होता. फोटो इतके सुंदर होते की मी तो कापून फ्रीजवर चिकटवला. त्यात लिहिलं होतं की झिनिया, कॉसमॉस, झेंडू, सूर्यफूल ही उन्हाची आवड असलेली फुलं, यांचं बी आत्ता घरात खिडकीशी ट्रेमध्ये लावा, हिमतुषाराची भीती संपली की मेच्या मध्यात रोपं बाहेर मोकळ्या उन्हात न्या, ऑगस्टमध्ये बाग फुलेल. आता हिमतुषार हा शब्द वाचूनच मला थांबायला पाहिजे होतं ना, भुसावळात कसला हिमतुषार, इथे मेमध्ये ४४-४५ डिग्री म्हणजे रोजचंच. पण छापून आलंय म्हटल्यावर आपण विश्वास ठेवतो. झिनियाची छत्तीस रोपं मी तयार केली, मोजून छत्तीस, आणि १५ मेला ट्रे उचलून गच्चीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेले तर रोपांनी माना टाकलेल्या, तिसऱ्या दिवशी तव्यावर विसरलेल्या मेथीसारखी करपलेली. चार वाचली. ती जूनच्या पावसात दोन वीत वाढली आणि ऑगस्टमध्ये कळ्या यायला लागल्या तर पानांवर भुरी, पिठात घोळल्यासारखी पांढरी. लेखातलं ऑगस्टचं तेवढं बरोबर निघालं म्हणायचं!

सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, उन्हाची आवड आहे म्हणून तान्ह्या लेकराला कोणी उन्हात टाकतं का?"

मग डोक्यात प्रकाश पडला. माझी भाची जर्मनीत असते, तिला फोटो काढून लेख पाठवला तर ती म्हणाली मावशी, हे सगळं बरोबर आहे, पण आमच्यासाठी. त्यांच्याकडे मेच्या ११ ते १५ तारखांना बर्फाळ संतांचे दिवस म्हणतात, ते होऊन गेल्याशिवाय जुनीजाणती माणसं नाजूक रोपं बाहेर काढतच नाहीत, कारण तोपर्यंत एखाद्या रात्री थंडी पडून सगळं मरू शकतं. म्हणजे बघा, त्यांचाही हिशोब सणावारावरच चालतो. ऑगस्ट हा त्यांचा उन्हाळ्याचा शेवट. आपल्याकडे उन्हाळ्याचा शेवट म्हणजे मे आणि जूनचे पहिले आठ दिवस. लेख लिहिणाऱ्याने फुलांची नावं आपल्याला दिली आणि कॅलेंडर तिकडचं ठेवलं. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे, कारण माझ्यासारख्या किती जणींनी ते वाचून बिया वाया घालवल्या असतील आणि आपल्या हाताला गुणच नाही म्हणून कुंड्या माळ्यावर टाकल्या असतील.

तर यंदा मी उलटं केलं. सासूबाईंनी विचारलं फुलं कधी पाहिजेत, म्हटलं आखाजीला. (खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसते, घरात पुरणपोळी आणि आमरस. आणि त्याच दिवसांत बाजारातलं फूल इतकं मलूल असतं की हार देवाला घालेपर्यंत त्याच्या पाकळ्या गळतात.) झिनियाला बी टाकल्यापासून फूल यायला साधारण साठ दिवस लागतात, बुटक्या झेंडूला पन्नास ते साठ. आखाजीपासून मागे मोजत गेले तर बोट बरोबर शिवरात्रीवर येऊन थांबलं. तुम्हीही कालनिर्णय काढून मोजा, माघ वद्य चतुर्दशी ते वैशाख शुद्ध तृतीया, मध्ये अधिक महिना आला नाही तर ६३-६४ दिवस भरतात, दरवर्षी. मला तर हे बघून फारच मजा वाटली.

आणि फेब्रुवारीचा शेवट बियांना पण मानवतो. या बियांना माती कोमट लागते, २० ते ३० डिग्रीच्या मधली, फार गार असली की बी नुसतं पडून राहतं आणि फार तापली तरी उगवण कमी होते. त्या दिवसांत आमच्याकडे दुपार तापायला लागलेली असते पण रात्री अजून पांघरूण लागतं. झिनिया चौथ्या दिवशी वर आला, झेंडू पाचव्या. मार्चभर मुळं खाली जातात, आणि एप्रिलमध्ये ऊन चढतं तेव्हा झाड हातभर झालेलं असतं, त्याला मग ऊन खरंच आवडतं. मेमध्ये लावलेल्या रोपाची मुळं वरच्या बोटभर मातीत असतात आणि कुंडीतली तीच माती दुपारी भाजून निघते, ते बिचारं काय करणार.

बियांचं थोडं सांगते कारण सगळी गंमत तिथेच आहे. सोयाबीन पेरायच्या आधी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण चाचणी करतात, सत्तरच्या वर उगवले तर बियाणं चांगलं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, पण फुलाचं पाकीट आणलं की आपण चित्र बघून खुश होतो आणि सरळ मातीत टाकतो. मी यंदा प्रत्येक पाकिटातल्या दहा बिया ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्यात ठेवल्या. एका महागातल्या पाकिटातल्या दहापैकी दोनच उगवल्या, आणि शेजारच्या काकूंनी जुन्या पाकिटात घालून दिलेल्या गलांड्याच्या दहापैकी आठ! गलांडा म्हणजे तुमचा गॅलार्डिया, हाराच्या टोपलीत असतो तो लाल-पिवळा, नर्सरीवाला इंग्लिश नाव सांगून त्याचे जास्त पैसे घेतो.

झेंडूचं बी सगळ्यांना माहीत असतं, काळी काडी आणि वर गवती रंगाचा झुपका. पण दसऱ्याच्या तोरणातलं वाळलेलं फूल कुस्करून लावलं की उगवतंच असं नाही हो. बाजारासाठी फूल तोडतात ते ताजं तोडतात, बी भरायच्या आधी, वर बरेचसे हायब्रीड, त्यामुळे अर्ध्याहून जास्त काड्या पोचट निघतात आणि ज्या उगवतात त्यांना आईसारखं फूल येईलच याची खात्री नाही. नखाने दाबून बघायचं, आत भरीव लागलं तर ठेवायचं. त्यापेक्षा घरच्या झाडावर दोन चांगली फुलं न तोडता पार वाळू द्यावीत.

सगळ्यात बारीक चिनी गुलाबाचं. खसखशीहून लहान, पोलादासारखं करडं, चमकतं. त्याचं बोंड पिकलं की वरचं टोपण डबीसारखं अलगद सुटतं आणि खाली वाटीत दाणे दिसतात, तेव्हा फुंकर मारायची नाही, मी मारली होती, सगळं फरशीवर गेलं आणि पुढे पावसात फरशीच्या फटीतून चिनी गुलाब उगवला. हे बी मातीखाली गाडायचं नाही, त्याला उजेड लागतो, कोरड्या वाळूत मिसळून वरवर भुरभुरायचं आणि पाणी झारीने पण नाही, स्प्रेने. बाकी बिया आपल्या जाडीच्या दुप्पट तिप्पट खोल, बस. बटनाच्या फुलाला मात्र धीर धरा, त्याच्या बीवर लोकरीसारखं कवच असतं, दोन आठवडे काही दिसत नाही, मी तर ती कुंडी उकरायला निघाले होते.

पहिले दहा-बारा दिवस ट्रेवर जुनी सुती साडी दोरीवर टाकून सावली केली, मग रोज थोडी थोडी सरकवत नेली. झिनियाला जागा बदललेली आवडत नाही म्हणून तो थेट कुंडीतच पेरला. झेंडू वीतभर झाला की त्याचा शेंडा खुडला, सासूबाईंना ते बघवेना, पण एका शेंड्याचे पाच फुटवे झाल्यावर त्याच सगळ्यांना सांगत होत्या की आम्ही शेंडा खुडतो म्हणून. प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या बाद केल्या, पश्चिमेच्या उन्हाने त्यांची एक बाजू इतकी तापते की आतली मुळं शिजतात. मातीच्या कुंड्या घेतल्या आणि वरून केळीची वाळलेली सोपटं अंथरली, आमच्या भागात ती बागेबाहेर ढिगाने पडलेली असतात, कोणी पैसेही घेत नाही. त्याने एका वेळचं पाणी वाचलं.

पाण्यावरून आठवलं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी लिहीत नाही, तो विषय निघाला की पत्र लांबेल. पण पाणी वाचवायच्या नादात मी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी चार दिवस गलांड्याला घातलं, आणि पानांची टोकं जळाली, कुंडीच्या मातीवर पांढरा थर आला. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार खाली राहतात, बोअरचं पाणी असलं तर विचारूच नका. ते फरशी पुसायला घ्या. एसीचं गळणारं पाणी चालतं, तांदूळ डाळ धुतलेलं तर उत्तमच.

एप्रिलमध्ये झेंडूवर लाल कोळी आला, पानावर पिवळे ठिपके आणि खाली बारीक जाळी, कोरड्या हवेत तो येतोच. मी औषध मारलं नाही, सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा मारत राहिले, दोन झाडं गेली, बाकी राहिली.

आणि आखाजीच्या दिवशी नणंद आणि तिच्या मुली आल्या तेव्हा गच्चीवर झिनिया होता, गुलाबी, केशरी आणि एक कसलासा विटकरी, पाकिटावर नव्हताच तो रंग. गौराईला घरची फुलं वाहिली. नणंदेची धाकटी चिनी गुलाब किती वाजता उघडतो हे बघायला सकाळी नऊपासून कुंडीपुढे उकिडवी बसली होती आणि नेमकी पोहे खायला खाली आली तेव्हाच तो उघडला, केवढी रडली. मेच्या शेवटी फुलं लहान होत गेली हे खरं आहे, ते लपवत नाही, ४४ डिग्रीत फेब्रुवारीच्या पॅन्सीसारखी बाग दिसणार नाहीये. पण हिरवं होतं आणि फुललेलं होतं, आसपासच्या गच्च्यांवर तेव्हा नुसत्या काटक्या होत्या.

तर संपादकसाहेब, मागणी अशी की बागेचा लेख छापताना कोणालातरी एवढं विचारायला सांगा की हा महिना कुठला, आणि ही फुलं कुणाच्या गावात फुलणार आहेत. कोकणातलं वेगळं, पुण्याचं वेगळं, आमचं आणि विदर्भाचं वेगळं. आणि शक्य असेल तर तारीख सणाने सांगा, जानेवारी-फेब्रुवारी विसरायला होतं, शिवरात्र कोणी विसरत नाही. दसऱ्याच्या झेंडूचंही तसंच, आषाढी एकादशी ते दसरा, मध्ये अधिक महिना आला नाही तर, ८८ दिवसांच्या आसपास होतात आणि उंच झेंडूला रोप करण्यापासून तोडणीपर्यंत तेवढेच दिवस लागतात, म्हणजे उपास करून साबुदाणा भिजवला की दुसऱ्या हाताने झेंडू पेरायचा. आणि लेख शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी येऊ द्या, एप्रिलमध्ये नको.

आपली,
एक जुनी वाचक, भुसावळ

ता. क. त्या लेखाचं कात्रण अजून फ्रीजवर आहे, फोटो खरंच छान आहेत. त्याच्या खाली सासूबाईंनी यंदाच्या विटकरी झिनियाचं वाळलेलं फूल चिकटपट्टीने लावलंय, त्यातलं बी अजून काढायचं आहे.